इथे एकही मूल राहणार नाही

अर्जाच्या सातव्या पानावर एक वाक्य आहे. मराठीत सांगायचं तर असं : या घरांत कायमचे रहिवासी नसतील, त्यामुळे शाळेवर कोणताही भार पडणार नाही, सबब शाळेसाठी भरायची रक्कम माफ व्हावी.

हे वाक्य माझ्या मुलाच्या अर्जातलं आहे. आणि मी जन्मभर शाळेत शिकवलं आहे. तेव्हा आज जे लिहिणार आहे ते घरच्याच माणसाविरुद्ध आहे, हे आधीच सांगून टाकते. त्याला विचारलं होतं. तो म्हणाला, "लिही आई, फक्त आमचं गाव आणि काउंटी लिहू नकोस." म्हणून ती नावं घेत नाही. एवढंच सांगते की हे सगळं अमेरिकेत, कोलोरॅडोच्या डोंगरात, एका स्कीच्या गावाजवळ चाललं आहे.

मुलाने आणि त्याच्या दोन मित्रांनी तिथे अकरा एकर जमीन घेतली. तिचे चार तुकडे करायचे, प्रत्येकावर एक लाकडी घर बांधायचं आणि बर्फावर घसरायला येणाऱ्यांना ती रात्रीच्या हिशेबाने भाड्याने द्यायची, असा बेत. आता कोलोरॅडोत १९७२ साली एक कायदा झाला. त्याप्रमाणे पस्तीस एकरांहून लहान तुकडे पाडायचे असतील तर काउंटीची मंजुरी लागते. काउंटी म्हणजे आपला जिल्हा समजा, पण कारभार निवडून आलेल्या कमिशनरांकडे. बहुतेक काउंट्यांत ते तीनच असतात. आधी कच्चा आराखडा, मग प्राथमिक नकाशा, मग अंतिम नकाशा. मध्ये नियोजन मंडळापुढे सुनावणी, शेजाऱ्यांना टपालाने नोटिसा, आणि सुनावणीत कुणालाही उठून तीन मिनिटं बोलायची मुभा.

या प्रकाराला आमच्या ओळखीतले झाडून सगळे 'कटकट' म्हणतात. शनिवारी जेवायला जमले की हाच विषय. "आपली जमीन, आपला पैसा, यांना काय करायचंय?" "भारतातली लाल फीत परवडली!" मी वरण वाढता वाढता ऐकत असते. मला त्यांना विचारावंसं वाटतं, बाबांनो, तुमच्यापैकी किती जणांच्या आजोबांनी बांधावरून भावकीत कोर्टकचेऱ्या केल्या? जमिनीचा तुकडा पाडणं ही कधी एकट्याची गोष्ट असते का? आपल्याकडेही १९४७ साली तुकडेबंदीचा कायदा आला तो उगाच नाही.

काउंटी काय विचारते ते मी नातीला शेजारी बसवून वाचून काढलं. माझं इंग्रजी बेताचं, पण प्रश्न समजले, कारण ते कुठल्याही गावच्या चावडीवरचेच प्रश्न आहेत. पाणी कुठून आणणार? तिथे पाण्याचा कायदा असा की ज्याने आधी वापर सुरू केला त्याचा हक्क आधी. विहिरीचा परवाना राज्याच्या अभियंत्याकडून घ्यायचा. पस्तीस एकरांहून लहान तुकड्यावर बरेचदा फक्त घरातल्या वापरापुरता परवाना मिळतो, म्हणजे अंगणातल्या झाडालाही ते पाणी घालायचं नाही. पागोळ्यांचं पाणी पिंपात साठवायची परवानगी सामान्य घरांना मिळाली तीसुद्धा २०१६ साली, आणि तीही दोनच पिंपं! पुढचा प्रश्न, सांडपाणी कुठे मुरवणार? शोषखड्डा आणि शेजाऱ्याची विहीर यांत अंतर किती? आगीचा बंब वरपर्यंत चढेल का आणि चढला तर वळेल का? वरचा उतार हिमकडा सोडणारा तर नाही? जमीन कशी आहे ते पाहायला आराखडा राज्याच्या भूगर्भ खात्याकडे पाठवतात.

यातला कुठला प्रश्न फाजील आहे, सांगा. २०१८ च्या जूनमध्ये समिट काउंटीत सिल्व्हरथॉर्न गावाशेजारी वणवा लागला, तेव्हा हजारावर घरं रिकामी करावी लागली. झाडं तोडून आधीच मोकळे पट्टे ठेवले होते म्हणून वस्ती वाचली. ते पट्टे कुणीतरी कटकट करून ठेवायला लावले होते. रात्रीच्या भाड्याने येणाऱ्या माणसाला कुठल्या वाटेने पळायचं तेही ठाऊक नसतं. त्याच्या वतीने आधी कुणी विचार करायचा?

तेव्हा मंजुरी मागावी लागते याबद्दल मला काडीचंही दुःख नाही. माझं भांडण दुसऱ्या ठिकाणी आहे.

मार्चमध्ये सुनावणी झाली. मी मागच्या रांगेत शाल गुंडाळून बसले होते. विरोध करायला नऊ माणसं उठली. पाणी, रस्ता, हरणांची वाट, रात्रीचा गोंगाट, आकाशातले तारे दिसेनासे होणं. सगळं खरं. पण नात माझ्या कानाशी हळूच म्हणाली, "आजी, यातल्या सहा जणांनी आपला पत्ता डेन्व्हरचा सांगितला." म्हणजे यांचीही ती दुसरी घरंच! वर्षातले चार-सहा आठवडे येणार, बाकी वेळ कुलूप. यांच्या वाट्याला डोंगर आला, आता दार लावून घ्यायचं. हरणाच्या नावाने गळा काढणाऱ्यांपैकी एकानेही गावात राहून काम करणाऱ्यांचा शब्द काढला नाही. आणि आमच्या बाजूनेही नाही काढला. दोन्ही पक्षांचं ज्यावर न बोलता एकमत झालं होतं ते हेच, की इथे कायमचं राहणारं कुणी असायचं कारण नाही.

आकडे पाहा. ब्रेकनरिज हे त्या भागातलं नावाजलेलं स्कीचं गाव. तिथली स्कीची उतरण १९६१ साली सुरू झाली. १९७३ मध्ये डोंगराखालचा आयझेनहॉवर बोगदा उघडला आणि डेन्व्हर जवळ आलं. २०२० च्या जनगणनेत गावची कायम वस्ती पाच हजारांच्या आसपास. आणि २०२१ मध्ये गावाला रात्रीच्या भाड्याच्या घरांवर मर्यादा घालावी लागली, ती किती? तर २,२०० परवाने! हा आकडा वर जाऊ नये म्हणून घातलेली ही मर्यादा, हे लक्षात घ्या. आणि नवी घरं बांधायची तर जागा कुठे आहे? समिट काउंटीतली सुमारे ऐंशी टक्के जमीन केंद्र सरकारच्या मालकीची. उरलेल्या मूठभर खासगी जमिनीत जो तुकडा पाहुण्याला गेला तो रहिवाशाच्या हातून गेला.

मग त्या खोल्यांच्या चादरी कोण बदलतं? बर्फ कोण उपसतं? पहाटे अंधारात फेअरप्लेच्या बाजूने हूझियर खिंड ओलांडून माणसं कामाला येतात. ती खिंड साडेअकरा हजार फुटांवर आहे. जानेवारीत तिथून गाडी चालवणं म्हणजे काय ते मी सुनेशेजारी बसून एकदा पाहिलं आहे, डोळे मिटून!

आणि शिक्षक? अ‍ॅस्पेनच्या खालच्या खोऱ्यात रोअरिंग फोर्क नावाचा शाळा जिल्हा आहे. २०१५ मध्ये तिथल्या मतदारांनी शाळांसाठी कर्जरोखे मंजूर केले, त्यातले दीड कोटी डॉलर शिक्षकांना आणि शाळेच्या नोकरांना राहायला घरं मिळावीत म्हणून होते. वाचून मी थक्क झाले. इमारत, प्रयोगशाळा, मैदान यांसाठी शाळा पैसे मागते हे समजतं. पण शिक्षक गावात राहूच शकत नाही म्हणून शाळेने घरं बांधायची?

आता पुन्हा ते सातवं पान घ्या. कोलोरॅडोच्या कायद्यात काउंटीला अशी मुभा आहे की जमिनीचे तुकडे पाडणाऱ्याकडून शाळेसाठी थोडी जमीन किंवा तिच्या बदल्यात रक्कम घ्यावी. तुम्ही वस्ती वाढवता, तर वस्तीतल्या मुलांची सोय करायला हातभार लावा, इतका साधा हिशेब. आमचे अर्जदार म्हणतात, आमच्याकडे मुलंच नसणार. अहो, नसणार कारण तुम्ही ती येऊ देणार नाही! जिथे चार कुटुंबं राहिली असती तिथे चार पेट्या कुलपाच्या किल्ल्या ठेवायला. आणि हाच दोष गुण म्हणून पुढे करून वर सवलत मागायची. आईबापांना मारून अनाथ म्हणून दया मागणाऱ्या पोराची गोष्ट असते, त्यातलाच प्रकार.

शाळेवर भार! मी वाई तालुक्यात शिकवत होते. पाचगणीच्या वाटेवरच्या एका गावात माझी शेवटची सात वर्षं गेली. डोळ्यांदेखत उतारावरची वरकस जमीन विकली गेली, पांढरे बंगले उभे राहिले, पुढे हिरवळ, मागे पोहण्याचा हौद. महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर २००१ साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला, तरी फाटकांची संख्या काही थांबली नाही. गाव दिसायला श्रीमंत झालं आणि माझा चौथीचा वर्ग अकरा मुलांवर आला. त्या अकरांतली चार बंगल्यांच्या रखवालदारांची. शनिवारी-रविवारी त्यांना पाहुण्यांच्या गाड्या पुसायला जावं लागे, म्हणून सोमवारी गृहपाठ नसायचा. भार कसला आलाय? शाळा ओझ्याने नाही मोडत हो, रिकामी होऊन बंद पडते.

मुलाची बाजूही सांगायला हवी. त्याच्या डोक्यावर कर्ज आहे. तो म्हणतो, "आई, हा डोंगर पर्यटनावरच जगतो. पाहुणे आले नाहीत तर चादरी बदलणारीलाही काम नाही." खरं आहे. आणि "आम्ही चार घरं नाही बांधली तर कुणी बिल्डर चाळीस बांधेल," हेही तो म्हणतो. पहिलं मला मान्य. दुसरं नाही. मी वर्गात नक्कल पकडली की पोरं हेच सांगायची, बाई, सगळेच करतात.

बरं, मार्ग नाही असंही नाही. व्हेल गावाने २०१७ पासून एक योजना चालवली आहे. घरमालकाला गाव पैसे देतं आणि त्या बदल्यात खरेदीखतावर कायमची अट चढते की या घरात त्याच काउंटीत आठवड्याला सरासरी तीस तास काम करणाराच राहील. मालक बदलला तरी अट जात नाही. स्टीमबोट स्प्रिंग्जच्या मतदारांनी २०२२ मध्ये रात्रीच्या भाड्यावर नऊ टक्के जादा कर बसवला, स्थानिकांच्या घरांसाठी. म्हणजे तिथल्याच माणसांना तिथलं दुखणं कळलेलं आहे. ज्याचं जळतं त्याला कळतं. अर्ज करणाऱ्याने मात्र आदेशाची वाट का पाहायची? आपणहून लिहून देता येतं.

त्या सुनावणीत मलाही तीन मिनिटं मिळाली असती. पाहुणी असले तरी कुणी अडवलं नसतं. मी उठले नाही. मुलगा पुढे उभा, कपाळावर घाम, आणि आई मागून उठून त्याच्याविरुद्ध बोलणार? धीर झाला नाही. शाळेत मी पोरांना खरं बोलायला शिकवलं आणि स्वतः शालीत तोंड लपवून बसले, याची बोच चार महिने आहे. कमिशनरांनी निर्णय पुढे ढकलला आहे. शाळेच्या रकमेबद्दल खुलासा मागितला आहे.

तर तो खुलासा लिहिताना माझं म्हणणं एवढंच. चारांपैकी दोन घरं पाहुण्यांना द्या, कर्ज फेडा. दोन घरांवर अट चढवून घ्या, तिथे वर्षभर राहणारी, तिथेच काम करणारी माणसं ठेवा. भाडं कमी येईल. हिशेब मी सुनेकडून करून घेतला आहे, कर्ज फिटायला सहा वर्षं जास्त लागतील, बुडणार कुणी नाही. आणि शाळेची रक्कम पुरी भरा, चारही तुकड्यांची. सातव्या पानावरचं ते वाक्य खोडा.

काल रात्री फोनवर हे सगळं त्याला वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मित्रांशी बोलावं लागेल." म्हटलं, बोल. आणि त्यांची मुलं कुठल्या शाळेत जातात तेही विचार.