कारवानी कुत्रं घरात ठेवावं का?

जत तालुक्यातल्या एका भगिनीचं पत्र आलंय. तिच्या यजमानांनी कारवानी पिल्लू आणायचं ठरवलंय, पाचशे रुपये इसारही देऊन आलेत. सासूबाई म्हणतात, ते शिकाऱ्याचं कुत्रं, मालकालाही चावतं. घरात तीन वर्षांची मुलगी, आठ शेळ्या, दहाबारा कोंबड्या. 'ताई, तुमच्या घरी हे कुत्रं आहे असं तुम्ही मागं लिहिलं होतंत. खरं काय ते कळवा,' असं तिचं म्हणणं.

आमच्या हरणीला यंदा नववं वर्ष लागलं. दोन महिन्यांची असताना यांनी धोतराच्या सोग्यात गुंडाळून आणली. तेव्हापासून मी एकच वाक्य ऐकत आले, 'काय गं, कुत्र्याला उपाशी मारतेस का?' या जातीची ठेवणच तशी. लांब निमुळतं तोंड, खोल छाती, पोट आत ओढलेलं, आणि चांगलं खाऊनपिऊनसुद्धा शेवटच्या दोनतीन बरगड्या दिसतात. आमच्या मामंजींना तिची दया आली नि ते रोज आपल्या ताटातली तेल लावलेली भाकरी चोरून घालू लागले. चार महिन्यांत हरणी अशी सुटली की बांधापर्यंत पळाली तरी धापा टाकायची. मग मामंजींचं ताटच आम्ही आतल्या खोलीत मांडायला लागलो.

आता चावण्याचं. लपवून काय करायचं, आमची हरणी चावली आहे.

दुसऱ्या वर्षी दिवाळीला नणंदबाई आल्या होत्या. त्यांचा मुलगा सहा वर्षांचा. दुपारी हरणी माजघरात पोत्यावर गाढ झोपलेली. पोरानं मागून जाऊन तिच्या गळ्याला मिठी मारली. तिनं झटक्यात मान फिरवली आणि मनगटात दात रुतला. जखम साबण लावून धारेखाली पंधरा मिनिटं धुतली आणि तसंच पोराला आरोग्य केंद्रात नेलं. हरणीला लस टोचलेली होती, तरी डॉक्टरांनी सांगितलेली सगळी इंजेक्शनं पुरी केली. यात कुणी हयगय करू नये. हळद-चुना लावून घरी बसू नये.

नणंदबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मामंजी, ज्यांनी तिला भाकरी चारली तेच, म्हणाले, 'उद्या हिला लांब माळावर सोडून या.' रात्रभर मला झोप नाही. माझा धाकटा तेव्हा चार वर्षांचा. आज पाहुण्यांच्या पोराला, उद्या याला. हरणी बाजेखाली जाऊन बसलेली, हाक मारली तरी बाहेर येईना.

सकाळी यांनी दोरी घेतली तेव्हा आत्याबाई बोलल्या. कुत्रं घरात नको म्हणून सगळ्यांत जास्त कुरकूर त्यांचीच. म्हणाल्या, 'झोपलेल्या माणसाला असं कुणी मागून आवळलं तर तो हात उगारत नाही होय? पोराला कुणी सांगितलं होतं का, तिला धरू नको म्हणून?'

कुणीच सांगितलं नव्हतं. दोरी परत खुंटीला गेली.

या कुत्र्याला परक्याचा हात अंगावर खपत नाही. घरच्या माणसालाही ते मनात येईल तेव्हाच जवळ येतं. लोक त्याला डाफरट म्हणतात, पण बऱ्याचदा ते भ्यालेलं असतं. त्या दिवसापासून तिचं पोतं आम्ही कोपऱ्यात हलवलं, म्हणजे मागून कुणी यायला नको. झोपलेली किंवा खात असली की तिच्याजवळ जायचं नाही, हाक मारून उठवायचं. पाहुणे आले की ती मागच्या पडवीत. लहान पोर आणि ती, दोघंच कधी ठेवायची नाहीत. आणखी एक, गुरगुरली म्हणून तिला मारायचं नाही. गुरगुरणं म्हणजे 'लांब हो' असं तिचं सांगणं. ते मारून बंद केलं की कुत्रं न सांगताच चावतं. सात वर्षांत पुन्हा कुणाला दात लागला नाही.

सासूबाईंचं शिकारीचं म्हणणं मात्र खरं. हे कुत्रं वासापेक्षा नजरेनं शिकार करणारं. समोर काही पळालं की ते सुटलंच, मग हाक ऐकू येत नाही. पहिल्या वर्षी तिनं आमच्या तीन कोंबड्या मारल्या. शेळ्यांत लहानपणापासून वाढली म्हणून शेळ्यांना काही करत नाही. डांबरी रस्त्याकडेच्या रानात मी तिला कधीच मोकळी सोडत नाही. आणि यजमानांच्या मनात सशाचा बेत असेल तर आधीच सांगा, वन्यजीव कायद्यानं तो गुन्हा आहे.

याच जातीला कर्नाटकात मुधोळ म्हणतात, कानाशेपटीला झालर असली तर पश्मी. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी ती जोपासली आणि इंग्लंडच्या पाचव्या जॉर्ज बादशहाला त्यातली पिल्लं भेट दिली. २००५ साली टपाल खात्यानं तिचं तिकीट काढलं, २०१६ साली मेरठच्या लष्करी केंद्रात काही पिल्लं शिकवायला नेली. मुधोळजवळ तिम्मापूरला सरकारी संशोधन केंद्र आहे. हे सासूबाईंना वाचून दाखवा, पण त्यांचं मत बदलेलसं वाटत नाही. आमच्या आत्याबाईंचं नव्हतं बदललं.

तेव्हा ताई, आधी कोंबड्यांना जाळीचा खुराडा करा. रोज सकाळसंध्याकाळ याला पळवून आणणार कोण, ते आजच यजमानांना विचारा. दिवसभर साखळीला बांधलं की हे कुत्रं बिघडतं. 'बघू' असं उत्तर आलं तर इसाराचे पैसे बुडू द्या. मुलगी तीन वर्षांची, तिला सांगून कळायचं नाही, म्हणजे तुम्हालाच डोळ्यांत तेल घालून राहावं लागेल. ते जमणार असेल तर खुशाल आणा. मोठं कुत्रं नको, दीडदोन महिन्यांचं पिल्लू आणा, आणि त्याची आई बघितल्याशिवाय उचलू नका. आई माणसाला बघून फारच बिचकत असेल तर दुसरीकडं बघा. तीन महिन्यांचं झालं की पिसाळ रोगाची लस, पुढं डॉक्टर सांगतील तशी. कधी ऑपरेशनची वेळ आली तर भुलीआधी डॉक्टरांना जात सांगा, यांच्या अंगावर चरबी नसते, नेहमीची भूल जड जाऊ शकते.

थंडीत याला फार गारठा लागतो. हरणीला मी जुन्या गोधडीचा अंगरखा शिवलाय, माप हवं असेल तर कळवा.