चित्रे उरली, नावे विसरली

जुन्नरच्या पश्चिमेस, नाणेघाटाच्या माथ्याजवळच्या लेण्यात सातवाहन राजकुलातील व्यक्तींच्या मूर्ती कोरलेल्या होत्या. काळाच्या ओघात त्या मूर्ती नाहीशा झाल्या. त्यांच्या माथ्यावरची ब्राह्मी लिपीतील नावे मात्र शिल्लक राहिली. राजा सिमुक, राणी नागनिका, सातकर्णी हे तेथे आजही केवळ नावाने उभे आहेत. मराठी मुलांच्या तीन पिढ्यांनी ज्या चित्रकथा वाचल्या, त्यांच्या बाबतीत याच्या नेमके उलट घडले आहे. चित्रे मनात घट्ट रुतून बसली. ती काढणारे हात कोणाचे, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानी राहिले नाही.

‘चांदोबा’ मराठीत १९५२ साली आला. खांद्यावर प्रेत आणि हाती तलवार घेऊन स्मशानातून चालणारा विक्रम राजा आज साठीत असलेल्या कोणत्याही शिक्षकाला डोळे मिटूनही दिसतो. पण ते चित्र के. सी. शिवशंकरन यांचे, हे सांगणारा विरळाच. ‘इंद्रजाल कॉमिक्स’ १९६४ ते १९९० पर्यंत निघाले आणि वेताळ हा परदेशी नायक खेड्यापाड्यांत घरचा झाला. १९६७ साली अनंत पै यांनी ‘अमर चित्र कथा’ सुरू केली. शिवनेरीवर जन्मलेल्या राजाचे चरित्र त्या मालेत प्रताप मुळीक यांनी रेखाटले, तर ‘टिंकल’मधला सुपंडी राम वाईरकरांच्या कुंचल्यातून उतरला. नावे मुळीच छापली जात नव्हती, असे नव्हे. पण लेखकाचे नाव पाठ करून घेणाऱ्या आपल्या शिक्षणाने चित्रकाराचे नाव वाचण्याची सवय कधी लावली नाही.

या विस्मृतीवर जगात एक उपाय सापडला, तो वाचकांनीच शोधलेला आहे. १९७० साली अमेरिकेत सॅन डिएगो येथील एका हॉटेलात चित्रकथांचे काही शे चाहते आपल्या आवडत्या चित्रकारांना भेटण्यासाठी जमले. आज त्या संमेलनाला लाखाहून अधिक माणसे जातात. फ्रान्समधील आंगुलेम येथे १९७४ पासून आणि जपानमध्ये १९७५ पासून असेच मेळे भरू लागले. भारतातील पहिले ‘कॉमिक कॉन’ फेब्रुवारी २०११ मध्ये दिल्ली हाट येथे भरले. त्याच संमेलनात अनंत पै यांना जीवनगौरव पुरस्कार जाहीर झाला आणि त्यानंतर अवघ्या काही दिवसांत त्यांचे निधन झाले. आयुष्यभराच्या कामाची अशी पावती इतक्या उशिरा मिळावी, यातच सारे आले.

अशा संमेलनातला शनिवार-रविवार चित्रकाराच्या दृष्टीने काय असतो, हे समजून घेण्याजोगे आहे. एरवी तो महिनोन्महिने एका टेबलाशी एकटा बसून चौकटीमागून चौकट भरीत असतो. पुस्तक छापून गेले की ते कोणाच्या हाती पडले, कोणत्या पानावर कोण हसले, हे त्याला कळत नाही. या दोन दिवसांत त्याच्यासमोर वाचक रांग लावून उभा राहतो, स्वाक्षरी मागतो, कागदावर एखादे चित्र काढून घेतो आणि त्याचे पैसे देतो. एखादा मुलगा आपली वही पुढे करून ‘हात चुकतो कुठे?’ म्हणून विचारतो. नाव, मोबदला आणि शिष्य या तिन्ही गोष्टी कलावंताला एकाच ठिकाणी मिळतात.

ही केवळ भावनेची बाब नाही. ‘सुपरमॅन’ निर्माण करणाऱ्या जेरी सीगल व जो शुस्टर या तरुणांनी १९३८ साली त्याचे सर्व हक्क १३० डॉलरला देऊन टाकले आणि पुढे कंपनीने अमाप पैसा मिळविला. सहव्यवसायी चित्रकारांनी हा अन्याय लोकांपुढे मांडल्यावर, १९७५ मध्ये, त्यांना वार्षिक निवृत्तिवेतन व निर्मात्यांची नावे छापण्याचे आश्वासन मिळाले. चित्रकाराला ओळखणारा वाचकवर्ग ज्या समाजात असतो, तेथेच त्याच्या हक्काची दाद लागते.

या संमेलनांवर घेतले जाणारे आक्षेप अगदीच निराधार आहेत, असे म्हणता येणार नाही. मोठ्या शहरांतील मेळ्यांत आता पोशाख, खेळणी आणि चित्रपटांच्या जाहिराती यांचीच गर्दी अधिक असते. प्रवेशाला तिकीट पडते. आणि पुस्तक कोपऱ्यात राहते. चित्रकथांमुळे मुले ‘खरे वाचन’ सोडतात, ही तक्रारही जुनी आहे. पण बाजार वाढला म्हणून भेटच नको, हा न्याय उलटा झाला. आणि वाचनाविषयी बोलायचे तर, ‘चांदोबा’ आणि ‘वेताळ’ वाचलेली पिढीच आज शाळांतून ग्रंथालये सांभाळीत आहे.

खरा प्रश्न आहे तो हे मेळे महानगरांपुरतेच का असावेत, हा. जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांना कलावंत आणि रसिक यांची समोरासमोर गाठ घालून देण्याची कला नव्याने शिकावी लागणार नाही. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे यात्रेचे कारभारी येतात, राहुटीत बसून बोलणी करतात आणि सुपारी देतात. तेथे फडाचे नाव म्हणजे कलावंताचेच नाव असते. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर हे नाव असेच फलकावरून महाराष्ट्राच्या जिभेवर गेले. तथापि एवढे नाव होऊनही विठाबाईंचा उतारकाळ विवंचनेत गेला आणि २००२ साली त्या गेल्या, हेही विसरता कामा नये. नावाबरोबर दामही हवा, हा धडा याच मातीतला आहे.

दुसरे उदाहरण खोडदचे. तेथील महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या आवारात राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने, म्हणजे २८ फेब्रुवारीच्या सुमारास, प्रदर्शन भरत आले आहे. आसपासच्या शाळांतील मुले तेथे शास्त्रज्ञांना थेट प्रश्न विचारतात. शास्त्रज्ञ खेड्यातल्या मुलांसमोर उभा राहू शकतो, तर चित्रकार का नाही?

शासकीय रेखाकला परीक्षा आटोपल्यावर जुन्नरला किंवा मंचरला एखाद्या शनिवारी-रविवारी शाळेच्या सभागृहात असा मेळा भरविणे अवघड नाही. चारपाच चित्रकारांना प्रवासखर्च व मानधन देऊन बोलवावे; ‘कलेची सेवा’ म्हणून फुकट राबवू नये. एलिमेंटरी व इंटरमिजिएटला बसलेल्या मुलांना त्यांच्या शेजारी बसवावे. पिंगुळीच्या चित्रकथी परंपरेतील कलावंतांनाही आमंत्रण द्यावे. २०२१ साली त्याच परंपरेतील परशुराम गंगावणे यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच यादीत शिवशंकरन यांचेही नाव होते, पण मरणोत्तर. पोथीतील चित्र दाखवीत कथा सांगणारा आणि मासिकाच्या पानावर ती काढणारा हे एकाच कुळातले, याची ती नकळत दिलेली कबुलीच होती.

विषयांची तर येथे वाणच नाही. कुकडी प्रकल्पाच्या पाण्यावर ऊस वाढला आणि उसात बिबट्या राहू लागला. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र आहे, तरीही रात्री पिकाला पाणी द्यायला जाणाऱ्या शेतकऱ्याची आणि पहाटे शाळेला निघालेल्या मुलाची भीती सरलेली नाही. उसाच्या कडेने कसे चालावे, एकटे का जाऊ नये, हे परिपत्रकापेक्षा सहा चौकटींत अधिक लवकर कळते. आळ्याच्या रेड्याची आख्यायिका, डिंभ्याच्या पाण्याखाली गेलेली गावे, ३० जुलै २०१४ रोजी डोंगराखाली गाडले गेलेले माळीण या साऱ्या कथा चित्रकाराची वाट पाहत आहेत. त्या येथल्याच मुलाने काढाव्यात, यासाठी त्याला आधी एखादा जिवंत चित्रकार दिसला पाहिजे.

देणाऱ्याचे नाव दगडावर कोरण्याची रीत जुन्नरच्या लेण्यांत दोन हजार वर्षांची आहे. दूरदेशीच्या यवन दात्यांची नावेही तेथे आहेत. चित्र काढणाऱ्याचे नाव घेण्याची रीत मात्र अजून पाडायची आहे. तिच्यासाठी सभागृहाचीही वाट पाहण्याचे कारण नाही. वर्गात गोष्टीचे पुस्तक उघडताना शिक्षकाने लेखकापाठोपाठ चित्रकाराचेही नाव मोठ्याने वाचावे. त्याला पैसा लागत नाही, की मंजुरीही लागत नाही.