उंच गाडी आणि अरुंद वाट

गावात कोणाचे कसे चालले आहे, हे पूर्वी घराच्या कौलांवरून ओळखत; आज ते अंगणातल्या गाडीवरून ओळखतात. पेडणे आणि डिचोली या आमच्या दोन तालुक्यांतून फेरफटका मारला, तर हे अंगण कसकसे बदलत गेले ते सहज ध्यानात येते. एके काळी तिथे स्कूटर असे. मग मारुती ८०० आली. आता तिच्या जागी एक उंच, रुंद, जीपसारखी दिसणारी पण जीप नसलेली गाडी उभी असते. तिला ‘क्रॉसओव्हर’ म्हणतात. लोक मात्र सरसकट ‘एसयूव्ही’ म्हणून मोकळे होतात. या गाडीविषयी, म्हणजे खरे तर तिच्यासह नांदणाऱ्या कुटुंबांविषयी, चार शब्द लिहावेत असे फार दिवस मनात होते. बेळगावात शिकत असलो, तरी माझे घर डिचोली तालुक्यात आणि आजोळ पेडण्यात. दोन्ही अंगणांत अशी एकेक गाडी आहे.

प्रथम ही गाडी म्हणजे काय ते पाहू. जुन्या जीपला खाली भक्कम लोखंडी चासी असे आणि तिच्यावर वेगळी बॉडी बसवलेली असे. क्रॉसओव्हरमध्ये दोन्ही एकच. साध्या मोटारीप्रमाणे सगळी गाडी एका कवचात बांधलेली. इंजिनही बहुधा पुढचीच दोन चाके फिरवते. म्हणजे रूप जीपचे आणि हाडे मोटारीची. आपल्याकडे २०१२ मध्ये रेनॉ डस्टर, २०१३ मध्ये फोर्ड इकोस्पोर्ट, २०१५ मध्ये ह्युंदाई क्रेटा, २०१६ मध्ये मारुतीची ब्रेझा आणि २०१७ मध्ये टाटा नेक्सॉन आली. पाच-सहा वर्षांत मध्यमवर्गाची आवडच बदलून गेली.

ही आवड केवळ दिखाऊपणाची आहे, असे म्हणणारे टीकाकार पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. माझ्या आजीचेच उदाहरण घ्या. जुन्या मोटारीत तिला बसावे लागत नसे, उतरावे लागे. आणि बाहेर यायचे म्हणजे दोघांनी हात धरायचे. या गाडीची सीट साधारण कमरेच्या उंचीवर असते, त्यामुळे ती आपली आपण बसते आणि आपली आपण उतरते. म्हापशाच्या डॉक्टरकडे जाणे तिला आता संकट वाटत नाही. संध्याकाळनंतर आडगावांत बस मिळणे कठीण, तिथे घरात आजारी माणूस असेल तर गाडी ही चैन राहत नाही. आमच्या भागातला पाऊस सर्वांना ठाऊक आहे. नेक्सॉनसारख्या गाडीचे पोट जमिनीपासून सुमारे २० सेंटिमीटर उंच असते. खड्ड्यात साचलेले पाणी किंवा वर आलेला चिरा तिला सहसा लागत नाही. साखळीहून सत्तरीतील केरीमार्गे चोर्ला घाट चढून बेळगावला येणाऱ्यांना या उंचीचे मोल विचारा!

सुरक्षिततेचेही तसेच. ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत पाच तारे मिळवणारी पहिली भारतीय गाडी म्हणजे नेक्सॉन, आणि ते वर्ष होते २०१८. त्यानंतर गिऱ्हाईक मायलेजबरोबर तारेही विचारू लागले, ही चांगलीच गोष्ट झाली. मात्र हे तारे पट्टा बांधणाऱ्यासाठी आहेत. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला, तेव्हा ते एका महागड्या गाडीच्या मागच्या सीटवर होते आणि त्यांनी पट्टा बांधलेला नव्हता. ‘मागे कशाला पट्टा?’ असे म्हणणाऱ्या प्रत्येक घराने हे लक्षात ठेवावे.

आता खर्चाची बाजू. गाडीचे टायर मोठे, म्हणून ते बदलण्याचा आकडाही मोठा. एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले आणि डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी बसली. ही काजळी जळून जाण्यासाठी गाडी बराच वेळ चांगल्या वेगाने पळावी लागते. जो मनुष्य रोज डिचोलीहून साखळीला जाऊन परत येतो, त्याची गाळणी तापतच नाही, आणि एक दिवस समोर दिवा लागतो. अशा माणसाने डिझेलच्या वाटेला न गेलेले बरे. पेट्रोलवाल्यांची तक्रार निराळी. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते, आणि इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांशच ऊर्जा असते. तेव्हा मायलेज थोडे घटणार, हे साधे गणित आहे. पावसाळ्यात बॉनेटखाली ऊब शोधत येऊन वायरी कुरतडणारे उंदीर तर नवे-जुने काहीच पाहत नाहीत.

परंतु हे सारे मालकाच्या खिशापुरते झाले. माझा खरा मुद्दा पुढेच आहे.

२००६ च्या अर्थसंकल्पापासून सरकारने लहान मोटारींना करात सवलत दिली. लहान म्हणजे कोणती? तर चार मीटरहून लांब नसलेली आणि ठराविक क्षमतेच्या आतले इंजिन असलेली. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा गाड्यांवर १८ टक्के आणि त्यांहून मोठ्या गाड्यांवर ४० टक्के जीएसटी आहे. साहजिकच कारखानदार लांबी चार मीटरच्या आत राखतात. पण कर रुंदी मोजत नाही! मग गाडी बाजूने वाढली. १९८३ मध्ये आलेली मारुती ८०० ही १४४ सेंटिमीटर रुंद होती. आजची नेक्सॉन सुमारे १८० सेंटिमीटर आहे आणि क्रेटाही जवळपास तेवढीच. कर लांबी मोजतो, आणि गावची वाट रुंदी मोजते.

मांद्रे, मोरजी किंवा मये, नार्वे या गावांतले आतले रस्ते पाहा. एका बाजूला चिऱ्यांचा गडगा, दुसऱ्या बाजूला तुळशीवृंदावन किंवा शेताचा बांध. हे रस्ते माणसांच्या आणि बैलगाडीच्या मापाचे आहेत. दोन जुन्या मोटारी समोरासमोर आल्या तर लागणारी जागा आणि दोन नव्या गाड्यांना लागणारी जागा, यांत ७२ सेंटिमीटरचा फरक पडतो. ही ७२ सेंटिमीटर कोणाची होती? डोक्यावर पाटी घेऊन बाजाराला निघालेल्या बाईची, शाळेच्या पोराची, सायकलवरून येणाऱ्या पाववाल्याची. गडग्याला पाठ लावून उभी राहिलेली ही माणसे आपल्याला उंच सीटवरून नीट दिसतही नाहीत. बॉनेट उंच असल्यामुळे अगदी पुढ्यातले लहान मूल तर झाकलेच जाते.

दुसरी गोष्ट याहून सूक्ष्म आहे. मोपाच्या विमानतळाचे उद्घाटन डिसेंबर २०२२ मध्ये झाले आणि जानेवारी २०२३ पासून विमाने उतरू लागली. पेडण्याच्या रस्त्यांवर वर्दळ वाढली. डिचोलीत २०१८ मध्ये न्यायालयाच्या निकालाने थांबलेले खाणकाम २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाले. खनिजाचे ट्रक आणि तांबडी धूळ परत आली. रस्त्याची काळजी घेण्याची गरज कधी नव्हती एवढी आज आहे. पण खड्ड्याविरुद्ध ग्रामसभेत उठून बोलणारा, अर्ज लिहिणारा, चार माणसे गोळा करणारा जो वर्ग, तोच आज या गाडीत बसला आहे. त्याला खड्डा पूर्वीइतका जाणवत नाही. काचा वर असल्या की धूळही लागत नाही. खड्डा आहे तिथेच आहे. फक्त तो आता स्कूटरवाल्याच्या कमरेला आणि चालणाऱ्याच्या पायाला लागतो, आणि त्यांचे बोलणे ऐकायला सहसा कोणी नसते. रस्त्याचे दुखणे आपण आपल्यापुरते पैसे मोजून बरे करून घेतले, इतकेच.

म्हणून गाडी घेऊ नका, असे मी म्हणणार नाही. आजीचे गुडघे मला ठाऊक आहेत. पण घेणाऱ्याने तीन गोष्टी कराव्यात. शोरूममध्ये जाण्यापूर्वी टेप घेऊन आपल्या वाटेवरची सर्वांत अरुंद जागा मोजावी आणि मग गाडी निवडावी. अरुंद वाटेवर समोरून पायी माणूस आला, तर ज्याची गाडी रुंद त्यानेच थांबावे. आणि तिसरी गोष्ट, ग्रामसभेच्या रविवारी निदान एवढा रस्ता तरी पायी जावे. जाताना पायांना जे लागेल, तेच तिथे उभे राहून मांडावे.

मित्रहो, गाडी कुटुंबाची असते. रस्ता गावाचा असतो. पहिलीचे हप्ते आपण दर महिन्याला बिनचूक भरतो. दुसऱ्याचे देणेही आपल्याच नावावर आहे.