एडिटिंग शिकायचंय? आधी हळदीचा व्हिडिओ कापा



चलथाणमधली आपली मुलं हल्ली विचारतात, "दादा, बारावीनंतर व्हिडिओ एडिटिंग केलं तर पोट भरेल का?" विचारणाऱ्याचे वडील बहुधा मिलमध्ये बारा तास उभे असतात, त्यामुळे मी उत्तर जपून देतो.

कर्ज काढून क्लास लावू नका. आपल्यासारखंच यंत्रमागांचं गाव असलेल्या मालेगावात नासिर शेख व्हिडिओ पार्लर चालवायचे. व्हीसीआरवर सिनेमे कापता-जोडताच ते एडिटिंग शिकले आणि पुढे 'मालेगाव के शोले' केला. त्यांच्यावरचा 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' २०२५ मध्ये आला, घरच्यांसोबत जरूर बघा.

तुम्हाला तर डाविंची रिझॉल्व्ह फुकट मिळतं. कॉम्प्युटर नसेल तर मोबाईलवर सुरू करा. मावसभावाच्या हळदीचं तीन तासांचं शूटिंग मागून घ्या आणि त्याची तीन मिनिटं करा. काय ठेवायचं हे ठरवताना खरा घाम फुटतो! (मावशीचा नाच कापलात तर जेवण विसरा.)

असे दोन-तीन नमुने घेऊन सुरतच्या साडी मार्केटमध्ये फिरा. तिथल्या व्यापाऱ्यांना रोज रील लागतात. पहिलं काम हवं तर फुकट करा, दुसऱ्यापासून पैसे घ्या. बदल किती वेळा करून देणार, तेही आधीच व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून ठेवा.

सिनेमाच करायचा असेल तर पुण्याच्या एफटीआयआयमध्ये संकलन शिकवतात. त्यासाठी पदवी लागते, म्हणून कॉलेज सोडू नका. वडिलांना पहिली कमाई दाखवा, मग बोलणं सोपं जातं.