सातबारा बदलतो, सेवापुस्तक का नाही?

पनवेलजवळच्या करंजाड्यात जमिनीची वर्गवारी बदलताना सरकारचा हात कधी थरथरला नाही. भातखाचरांवर सिडकोने सेक्टर पाडले, नवी मुंबई विमानतळासाठी उठवलेल्या गावांना 22.5 टक्के विकसित भूखंडांचा हिशेब मांडून दिला. जमिनीचा वापर बदलला की नोंद बदलते आणि आकारणीही बदलते, हे तलाठ्यापासून मंत्रालयापर्यंत सर्वांना तोंडपाठ आहे. मग याच करंजाड्यातून पनवेलच्या महाविद्यालयात, नाहीतर हार्बरने कुर्ला गाठून कालिन्याच्या विद्यापीठात ग्रंथालय उघडायला जाणाऱ्या माणसाचे काम मुळापासून पालटले, तरी त्याच्या सेवापुस्तकात ‘ग्रंथालय परिचर, गट ड’ हीच ओळ कशी टिकून राहते?

या परिचराने करायचे काय, तर पुस्तक काढायचे, पुस्तक लावायचे, धूळ झटकायची. कागदावर एवढेच. प्रत्यक्षात तो सोल किंवा कोहा प्रणालीत देवघेव नोंदवतो, बारकोड छापतो, आरएफआयडीचे टॅग चिकटवून तपासतो, जुनी मराठी पुस्तके युनिकोडमध्ये चढवतो, पिवळी पडलेली पाने स्कॅन करतो. शोधगंगा या ऑनलाइन भांडारात जाणाऱ्या प्रबंधाच्या फायली नीट उघडतात का, हे अनेकदा तोच पाहतो. ई-पुस्तके, ई-नियतकालिके उघडणाऱ्या एन-लिस्टचा पासवर्ड विसरलेला विद्यार्थी कुणापुढे उभा राहतो? ग्रंथपाल बैठकीत असतात. सर्व्हर बसला की हाकही यालाच. आणि पगारपत्रकावर मात्र तो शिपायाच्या रांगेत!

सरकारला हा बदल ठाऊक नाही म्हणावे, तर कायदा तसे म्हणू देत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम 2016 ने विद्यापीठाच्या ग्रंथालयाचे ‘ज्ञानस्रोत केंद्र’ केले आणि त्याच्या प्रमुखाला संचालक केले. पाटी बदलली, दालन बदलले. खालची माणसे होती तिथेच राहिली. महाविद्यालयांत तर त्यांच्या सेवाशर्ती आजही 1984 च्या स्टँडर्ड कोडवर हाकल्या जातात. तो कोड लिहिला गेला तेव्हा तालिका म्हणजे लाकडी खणांतली कार्डे होती. केंद्राने नोव्हेंबर 2024 मध्ये ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजनेला मंजुरी दिली, सुमारे 13 हजार नियतकालिकांसाठी तीन वर्षांचे 6000 कोटी रुपये ठरवले. प्रकाशकांना कोटी मोजायला तिजोरी उघडते. ती नियतकालिके विद्यार्थ्याच्या पडद्यावर आणून देणाऱ्या हातांचा विषय निघाला की वित्त विभागाला एकाएकी काटकसर आठवते.

उलट जे होते तेही काढून घेतले गेले. डिसेंबर 2018 मध्ये, परिचरही ज्यांत मोडतात त्या शिक्षकेतर कर्मचाऱ्यांच्या आश्वासित प्रगती योजनेचे निर्णय शासनाने मागे घेतले. वर्षानुवर्षे एकाच पदावर कुजणाऱ्यांना वरच्या वेतनश्रेणीचा तेवढाच आधार होता. फेब्रुवारी 2023 मध्ये राज्यभरचे शिक्षकेतर कर्मचारी संपावर गेले आणि विद्यापीठांच्या परीक्षांचे वेळापत्रक कोलमडले, तेव्हा कुठे मंत्रालयाला जाग आली. हे लोक परीक्षा बंद पाडल्याशिवाय दिसतच नाहीत, यात त्यांचा दोष कोणता?

‘पण यांच्याकडे ग्रंथालयशास्त्राची पदवी कुठे आहे?’ हा प्रश्न विचारणाऱ्या साहेबांना आमचा उलट प्रश्न: पदवी नसताना ही कामे त्यांच्याकडून कुणी करून घेतली? महाविद्यालयांचे मूल्यांकन करणारी नॅकची समिती आली की स्वयंचलित ग्रंथालयाचे गुण घ्यायला हाच माणूस चालतो, वेतनश्रेणी मागितली की अपात्र ठरतो. ही लबाडी आहे. तिला धोरण म्हणायचे कारण नाही. ज्यांना शिक्षण कमी पडते त्यांच्यासाठी ग्रंथालय प्रमाणपत्र अभ्यासक्रम आहे, नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचा बी.लिब. आहे. फी संस्थेने भरावी, अभ्यासाला रजा द्यावी.

नुसते पदनाम बदलून आम्हाला फसवू नका. वरिष्ठ परिचर, विशेष परिचर असल्या बिरुदांनी कुणाची चूल पेटत नाही. प्रत्येक ग्रंथालयात बाहेरच्या माणसांनी बसून कोण नेमके काय करतो ते लिहून घ्यावे. जो तांत्रिक काम करतो त्याला तांत्रिक सहाय्यकाच्या गटात, त्याच्या वेतनश्रेणीसह आणि वित्त विभागाच्या संमतीसह न्यावे. ती संमती आधीच, लेखी हवी. आज दिलेले उद्या वसुलीच्या नोटिशीने परत मागण्याचे खेळ पुरे झाले. आणि ‘काम तांत्रिक झाले ना, मग ठेकेदाराचीच पोरे आणू’ ही पळवाट कुणी शोधत असेल, तर ती आधीच बुजवा. बारा महिन्यांनी बदलणाऱ्या कंत्राटी हातांत दुर्मीळ ग्रंथांचे संग्रह सोपवायचे नसतात.

एवढेही जमत नसेल, तर परिचरांनी एक करावे. नियुक्तीपत्रात लिहिले आहे तेवढेच काम महिनाभर करावे. पुस्तक काढावे, पुस्तक लावावे, धूळ झटकावी आणि संगणकाला बोटही लावू नये. महिना मात्र नॅकची समिती येण्याचा निवडावा.