दूध कोणाचे, ओझे कोणाचे?

डोंबिवलीच्या दारात पहाटे दुधाची पिशवी पडते, तेव्हा मुरबाड-शहापूरच्या गोठ्याचा हिशेब कोणाच्या मनात येत नाही. शासनाच्या मनातही तो येत नाही, ही खरी तक्रार आहे.

मणिभाई देसाई यांनी १९६७ साली उरुळीकांचन येथे ‘बायफ’ची स्थापना केली आणि होल्स्टीन-जर्सीच्या संकराचे काम खेडोपाडी नेले. पश्चिम महाराष्ट्रात ते फळले, हे नाकारण्याचे कारण नाही. तेथे कालव्याचे पाणी होते, हिरवी वैरण होती, हाकेच्या अंतरावर दूध संघ होता. परंतु यांपैकी काहीच नसेल तेथेही तीच गाय बांधण्याचा आग्रह धरणे, हे विज्ञान नव्हे. ते उद्दिष्टपूर्तीचे कर्मकांड आहे.

ठाण्याच्या डोंगरपट्ट्यात चार महिने पाऊस कोसळतो. उरलेले आठ महिने जनावर भाताच्या पेंढ्यावर आणि वाळल्या गवतावर जगते. तेथे डांगी आणि कोकण कपिला टिकतात. दूध थोडे, पण खुराक विकतचा नाही. शेण राबाला, गोऱ्हा चिखलणीला. संकरित गाय दूध अधिक देते, परंतु ते पेंडीतून आणि औषधांतून येते आणि दोन्हींना रोख पैसा लागतो. उष्म्याने तिचे दूध आटते, गोचीडतापाला ती लवकर बळी पडते. दिवसाचे लिटर मोजणारे वर्षअखेरची शिल्लक विचारीत नाहीत.

आणि तिच्या गोऱ्ह्याचे काय? वशिंड नसल्याने त्याच्या मानेवर जू ठरत नाही. उन्हात तो धापा टाकतो. अन्य देशांत असा गोऱ्हा मांसासाठी पोसला जातो. तेथे दूध आणि मांस ही एकाच गोठ्याची दोन उत्पन्ने आहेत. आपल्याकडे १९७६ च्या कायद्याने गोहत्या बंद झाली. २०१५ पासून बैल आणि वळूही बंदीच्या कक्षेत आले. समाजाला श्रद्धा जपायची असेल तर तिचा खर्चही समाजाने उचलावा. येथे शासन एका हाताने वीर्यमात्रा वाटते, दुसऱ्या हाताने बाजार बंद करते, आणि बिल दोन एकरांच्या कुणब्याच्या अथवा आदिवासीच्या माथी मारते! लिंगनिर्धारित वीर्यमात्रांनी गोऱ्हे कमी होतील, असे सांगितले जाते. होतीलही. पण भाकड गायीचे काय?

म्हणून मागणी स्पष्ट आहे. डोंगरपट्ट्यात डांगी-कपिलेची निवड पद्धतीने पैदास व्हावी. जेथे वैरण आणि पाणी आहे तेथेच संकर व्हावा. गायराने गावाकडे राहावीत. निरुपयोगी जनावर विकण्याची मुभा शेतकऱ्याला द्यावी. ती द्यायची नसेल तर त्या जनावराच्या पोषणाचा खर्च सरकारने त्याच्या हातात ठेवावा.

भातसा आणि बारवीचे पाणी या तालुक्यांनी शहरांना दिले. आता दुधाच्या धोरणाचा तोटाही त्यांनीच सोसायचा असेल, तर त्याला नियोजन म्हणू नये. ती लूट आहे.