पडद्याचाही शून्यबिंदू पाहावा

रक्तदाब घेण्यापूर्वी मापकाचा पारा किंवा सुई शून्यावर आहे ना, हे पाहण्याची शिस्त आपल्याला विद्यार्थिदशेतच लागली. परंतु संगणकाच्या ज्या पडद्यावर क्ष-किरण चित्रे व सीटी स्कॅन पाहून आपण निर्णय घेतो, त्या पडद्याचे अंशशोधन मात्र क्वचितच होते. ही उणीव किरकोळ नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

फिल्मच्या काळात चित्राचा काळेपणा डार्करूममध्येच कायम होत असे. आता प्रतिमा म्हणजे केवळ आकडे. त्यांना उजेड-अंधाराचे रूप देतो तो पडदा. तोच बिघडलेला असेल, तर न्यूमोथोरॅक्सची बारीक रेघ किंवा हृदयाच्या छायेमागील गाठ आकड्यांत असूनही डोळ्यांना दिसत नाही. ‘विंडो बदलून पाहता येते की,’ असे काही मित्र म्हणतात. खरे आहे, पण जिथे संशयच आला नाही, तिथे विंडो बदलणार कोण?

प्राथमिक उपाय बिनखर्चाचा आहे. पडदा पुसून अर्धा तास सुरू ठेवावा, खोलीतील उजेड मंद करावा आणि एसएमपीटीई ही चाचणी-प्रतिमा उघडावी. ब्राइटनेस असा लावावा की ० टक्क्यांच्या चौकोनातील ५ टक्क्यांचा लहान चौकोन जेमतेम ओळखू यावा. मग कॉन्ट्रास्ट असा, की १०० टक्क्यांतील ९५ टक्क्यांचा चौकोनही वेगळा दिसावा. रात्री पडदा पिवळसर करणारी सोय बंदच ठेवावी.

मात्र याची मर्यादाही ओळखली पाहिजे. डोळा अंधाराला सरावतो. त्यामुळे डायकॉमच्या १४व्या भागातील करड्या छटांच्या मानकाशी पडदा जुळवायचा, तर प्रकाशमापकच हवा. शिवाय निदानाच्या पडद्याची कमाल तेजस्विता दर चौरस मीटरला किमान ३५० कँडेला, तर मॅमोग्राफीसाठी ४२० असावी, अशी अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीची शिफारस आहे. कचेरीतल्या साध्या पडद्याला हे तेज बटणे फिरवून येणार नाही. म्हणून हाताने केलेली जुळणी हे आपले किमान कर्तव्य समजावे; तिच्या बळावर रेडिओलॉजिस्टच्या अहवालाला फाटा देऊ नये.

प्रत्येक लहान रुग्णालयाने मापक घेणे व्यवहार्य नाही. आपल्या संस्थेने एक मापक सामायिक विकत घ्यावा, तो सभासदांनी आळीपाळीने वापरावा, आणि प्रत्येक पडद्याशेजारी मासिक तपासणीची नोंदवही असावी, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.